जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार : गंज, पत्रा आणि घडाई

१. विषयप्रवेश

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत बहुधा देवालयांच्या संदर्भात योजिला जातो. जीर्ण झालेल्या वास्तूचा उद्धार करावयाचा म्हणजे ती पाडून तिच्या जागी नवी उभारावयाची नव्हे, हा अर्थ त्या शब्दातच आहे. प्रत्यक्षात मात्र उद्धाराच्या नावाखाली अनेकदा जीर्ण तेवढेच नव्हे तर शाबूत असलेलेही नाहीसे होते. हा प्रश्न केवळ वास्तूंपुरता मर्यादित नाही. जुने हस्तलिखित, जुने वाद्य, जुने यंत्र अशा प्रत्येक वस्तूबाबत तो उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात एका जुन्या मोटारगाडीच्या पत्रेकामाच्या आधाराने त्याचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

उदाहरणादाखल घेतलेली गाडी म्हणजे शेवरोलेची अर्ध्या टनाची पिकअप, नमुना ३१००. जून १९४७ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने महायुद्धोत्तर काळातील मालमोटारींची जी नवी मालिका बाजारात आणली, तीतील हा सर्वांत लहान नमुना होय. ही मालिका मार्च १९५५ पर्यंत चालू होती. पुढील व मागील चाकांतील अंतर ११६ इंच, सहा सिलिंडरांचे इंजिन, पोलादी पत्र्याची गोलसर केबिन, आणि मागे ७८ इंच लांबीचा हौदा, अशी तिची ठेवण आहे. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असून फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात. शेवरोले हे नाव महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. मुंबईत शिवडी येथे १९२८ साली सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोटारी, मालमोटारी व बसगाड्या यांची जुळणी १९५४ पर्यंत होत असे.

हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या नमुन्याच्या गाड्या अमेरिकेत अद्याप मोठ्या संख्येने टिकून आहेत आणि त्यांचे बहुतेक पत्र्याचे भाग नव्याने तयार करून विकले जातात. म्हणजे सडलेला भाग दुरुस्त करणे आणि तो संपूर्ण बदलणे हे दोन्ही मार्ग येथे मोकळे आहेत. जेथे निवड करता येते तेथेच निवडीची तत्त्वे पारखता येतात.

२. गंजाचे स्वरूप

लोखंडाला गंज लागण्यास पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. पृष्ठभागावर एका जागी लोह विरघळते व इलेक्ट्रॉन सोडते. दुसऱ्या जागी पाणी व प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतात. दोन्ही क्रियांच्या संयोगातून जलयुक्त लोह-ऑक्साइडे तयार होतात. त्यांनाच आपण गंज म्हणतो. पाण्यात मीठ असले की विद्युत्‌प्रवाहाचा मार्ग सुलभ होतो आणि ही क्रिया वेगाने घडते. समुद्रकाठच्या हवेत लोखंड लवकर झिजते त्याचे हे कारण होय. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. १९४१–४२ च्या हिवाळ्यापासून न्यू हॅम्पशायर राज्याने ही पद्धत सर्रास अवलंबिली आणि युद्धानंतर ती इतरत्र पसरली. त्या प्रदेशातील जुन्या गाड्यांची केबिन खालून वर सडत जाते, ती यामुळेच.

गंजाचे आणखी एक लक्षण दुरुस्तीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात खाऱ्या पाण्याच्या थेंबावर प्रयोग करून असे दाखवले की, थेंबाच्या कडेला, जेथे प्राणवायू मुबलक पोचतो, तेथे लोखंड फारसे झिजत नाही. ते झिजते थेंबाच्या मध्यभागी, जेथे प्राणवायू कमी असतो. हे वरकरणी विपरीत वाटते. पण त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन पत्रे एकमेकांवर बसवून केलेल्या सांध्यात पाणी शिरले, की उघड्या पृष्ठभागापेक्षा सांध्याच्या आतील, हवा न पोचणारा भाग अधिक झिजतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते. त्यामुळे सांध्यात साचलेला गंज पत्रे एकमेकांपासून फाकवतो, आणि फाकलेल्या सांध्यात अधिक पाणी शिरते.

मराठीत गंजाबरोबर येणारी क्रियापदे या संदर्भात लक्षणीय आहेत. गंज ‘चढतो’, गंज ‘धरतो’, गंज ‘खातो’. आणि अखेरीस गॅरेजमधला कारागीर म्हणतो की पत्रा ‘सडला’. ही क्रियापदे सर्वत्र काटेकोरपणे वेगळी राखली जातात असे नाही. परंतु त्यांचा क्रम दुरुस्तीच्या वर्गवारीशी चांगला जुळतो. चढलेला गंज पृष्ठभागावर असतो आणि घासून निघतो. धरलेल्या गंजाचे थर व पापुद्रे बनलेले असतात. खाल्लेल्या पत्र्यात खळगे पडून जाडी घटलेली असते. सडलेल्या पत्र्यात धातूच उरलेला नसतो. पहिल्या दोन अवस्थांत साफसफाई पुरते, तिसरीत विचार करावा लागतो, आणि चौथीत कापण्यावाचून गत्यंतर नसते.

३. परीक्षा

उपर्युक्त गाडीत गंजाची ठिकाणे जवळजवळ ठरलेली आहेत. केबिनचे मागील खालचे कोपरे, दाराच्या खालची पत्र्याची पोकळ पेटी (तिला येथे उंबरा म्हटले आहे), पाय ठेवण्याच्या जागेचे पुढील कोपरे, दारांच्या खालच्या कडा, पुढील मडगार्डांचा मागचा भाग आणि केबिन ज्या आधारांवर चासीला बोल्टने जोडलेली असते ते आधार, ही ती ठिकाणे होत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ही सर्व ठिकाणे दुहेरी पत्र्याची किंवा पोकळ असून त्यांत धूळ साचते, धूळ ओल धरून ठेवते, आणि ओलीला बाहेर पडण्यास वाट नसते.

यावरून परीक्षेचे पहिले तत्त्व निघते : जेथे भोक दिसते तेथे गंजाचा उगम असतोच असे नाही. जमिनीच्या पत्र्याला पडलेल्या भोकाचे मूळ अनेकदा वर, काचेच्या जीर्ण रबरी पट्टीत असते. पावसाचे पाणी तेथून आत शिरते, आतल्या बाजूने ओघळते आणि खालच्या कोपऱ्यात साचते. भोक बुजवले पण पट्टी तशीच ठेवली, तर नवा पत्राही त्याच जागी सडतो. म्हणून वाहणाऱ्या पाण्याचा माग वरून खाली काढीत जावे लागते.

दुसरे तत्त्व असे की, बाहेरून दिसणाऱ्या फुगवट्यापेक्षा आतील हानी नेहमी अधिक असते. रंगाला फोड आले आहेत तेथे टोकदार हत्याराने टोचून पाहावे, हातोडीने हलके ठोकून नाद ऐकावा. शाबूत पत्र्याचा नाद स्वच्छ असतो, सडक्याचा बद्द. लोहचुंबकही उपयोगी पडतो. जेथे तो धरत नाही किंवा क्षीणपणे धरतो, तेथे पूर्वीच्या दुरुस्तीत भरलेली जाड लांबी अथवा शिसे आहे असे समजावे.

४. गंज काढण्याचे उपाय

गंज काढण्याचे मार्ग दोन प्रकारचे : घासण्याचे आणि विरघळवण्याचे. तारेचा ब्रश व ग्राइंडर हे पहिल्या प्रकारात येतात. वाळूचा मारा हाही त्याच प्रकारातला असून तो वेगवान आहे. परंतु दाराच्या किंवा छपराच्या सपाट पत्र्यावर जोराचा मारा केल्यास पत्रा ताणला जाऊन कायमचा वाकतो. शिवाय साध्या वाळूच्या सिलिकायुक्त धुळीने फुफ्फुसांचा असाध्य विकार जडतो, आणि त्या काळच्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने रंगाची कोरडी धूळही घातक ठरते.

दुसऱ्या प्रकारात मळीचे द्रावण ध्यानात घेण्याजोगे आहे. साखर कारखान्यात उरणारी मळी एक भाग आणि पाणी नऊ-दहा भाग अशा द्रावणात लोखंडी भाग काही आठवडे बुडवून ठेवला, की गंज सुटून येतो आणि शाबूत लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. मळीतील काही द्रव्ये लोहाच्या अणूंना पकडून द्रावणात ओढून घेतात, असे याचे स्थूलमानाने स्पष्टीकरण आहे. जस्त वा अॅल्युमिनियमचे भाग मात्र या द्रावणात घालू नयेत. विजेचा उपायही प्रचारात आहे. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गंजलेला भाग विजेच्या ऋण टोकाला व साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडतात. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर व ठिणगीपासून दूर करावे लागते. पट्टी स्टेनलेस पोलादाची घेतल्यास द्रावणात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

यांपैकी कोणताही उपाय नाहीसा झालेला धातू परत आणीत नाही. साफसफाईनंतर जे उरते तेच खरे. आणि अनेकदा गंजाच्या थरानेच जागेवर धरून ठेवलेला पत्रा साफसफाईनंतर जाळीसारखा दिसू लागतो.

५. कापण्यापूर्वी

सडलेला भाग कापून काढणे हे काम सोपे वाटते. परंतु सर्वांत मोठ्या चुका येथेच होतात. उंबरा व कोपरे हे केबिनचे अलंकार नसून तिचे आधार आहेत. ते कापताच केबिनचा आकार ढळू शकतो. छप्पर किंचित झुकते, दाराची चौकट आखडते, आणि नवा उंबरा त्या ढळलेल्या आकारातच जोडला गेला तर दार पुन्हा कधीही नीट बसत नाही. यास्तव कापण्यापूर्वी केबिन चासीवरच समतल ठेवावी, दाराच्या चौकटीत तिरपे व आडवे पोलादी आधार तात्पुरते जोडावेत, दारांच्या कडेच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. दुसरी बाजू तोपर्यंत साक्षीदार म्हणून उभी राहते.

आणखी एक खबरदारी या नमुन्यात विशेष महत्त्वाची आहे. १९४९ पासून या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, आसनाच्या मागे बसवलेली असे. केबिनचे मागील कोपरे तिच्या अगदी लगत येतात. कापणे, घासणे वा वेल्डिंग यांपूर्वी टाकी व तिच्या नळ्या बाहेर काढून दूर नेणे अपरिहार्य आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा निर्धोक असते हा समज चुकीचा आहे. रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रणच स्फोटक असते.

कापण्याची रेषा सडलेल्या भागाच्या कडेने नव्हे, तर शाबूत धातूतून जावी. कारण झिजून पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही, तो वितळून जातो. मात्र शाबूत धातूत किती आत जावे याला मर्यादा हवी. तयार मिळणारा बदली कोपरा पुष्कळ उंचीचा असतो. सडलेला भाग त्याहून बराच कमी असला, तर बदली भागच कापून लहान करावा, गाडी नव्हे. बाजारातील भागाच्या मापाने मूळ पत्रा कापण्याची प्रवृत्ती सर्रास आढळते, आणि जीर्णोद्धाराचे पुनर्बांधणीत रूपांतर होते ते याच ठिकाणी.

६. नव्या भागाची घडाई

तयार भाग मिळत नसेल किंवा जुळत नसेल, तेव्हा तो घडवावा लागतो. प्रथम प्रश्न येतो तो मूळ आकार कोणता होता हा. याची साधने तीन. पहिले, गाडीची दुसरी बाजू. डावा कोपरा सडला असून उजवा शाबूत असेल, तर उजव्यावर जाड कागद बसवून नमुना काढतात व तो उलटा करतात. दोन्ही बाजू सर्वस्वी सारख्या नसतात, हे मात्र विसरता कामा नये. टाकीचे तोंड एकाच बाजूला असते, आणि कारखान्यातील जुळणीतही थोडेफार अंतर पडलेले असते. दुसरे साधन म्हणजे त्याच नमुन्याची दुसरी गाडी. तिसरे, नाहीशा झालेल्या भागाने शेजारच्या पत्र्यावर ठेवलेल्या खुणा : बोल्टची भोके, स्पॉट वेल्डिंगचे ठसे, रंगाच्या थराची संपलेली रेषा. ज्या अभ्यासकांनी तौलनिक पद्धतीने एखाद्या लुप्त रूपाची पुनर्रचना केली आहे, त्यांना ही साधने ओळखीची वाटतील. सहोदर रूपे, अन्य परंपरा, आणि शेजारच्या घटकांवर उमटलेले परिणाम, असाच पुराव्याचा क्रम तेथेही असतो.

पत्रा निवडताना शाबूत जागी मूळ जाडी मोजून घ्यावी. अशा कामात सामान्यतः १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा सौम्य पोलादाचा पत्रा वापरतात. सरळ घडी दोन लाकडी वा पोलादी पट्ट्यांमध्ये पत्रा आवळून पाडता येते. वक्र भागाची गोष्ट वेगळी आहे. सपाट पत्र्याला वाटीसारखा फुगवटा द्यावयाचा असेल, तर मधला भाग ताणावा लागतो; त्यासाठी वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या हातोड्याने ठोकतात. वक्र कडेला ओठ वळवताना दोन विरुद्ध अडचणी येतात. बाहेर फुगणाऱ्या कडेवर ओठासाठी पत्रा जास्त होतो व चुण्या पडतात, म्हणून तो आकुंचित करावा लागतो. आत वळणाऱ्या कडेवर तो कमी पडतो व फाटू पाहतो, म्हणून ताणावा लागतो. एकच आकार अनेकदा घडवावयाचा असल्यास कठीण लाकडाचा फर्मा करून त्यावर पत्रा ठोकून बसवणे सोयीचे पडते. प्रत्येक टप्प्यावर भाग जागेवर धरून पाहावा लागतो. कागदी नमुना सपाट आकार सांगतो, फुगवटा सांगत नाही.

७. सांधा आणि मठार

नवा भाग जुन्या पत्र्याशी दोन प्रकारे जोडता येतो. एकावर एक पत्रा चढवून जोडणे सोपे असते. पण त्यामुळे तोच दुहेरी, हवा न पोचणारा सांधा पुन्हा निर्माण होतो, ज्याच्यामुळे मूळ पत्रा सडला होता. म्हणून बाहेरील भागात कडेला कड भिडवून जोडणे श्रेयस्कर मानतात. जेथे कारखान्यात मुळातच दुहेरी सांधा व स्पॉट वेल्डिंग होते, तेथे मात्र वरच्या पत्र्याला ठरावीक अंतरावर भोके पाडून ती वेल्डिंगने भरतात, म्हणजे मूळ रचनेशी साम्य राहते. अर्थात आतील पृष्ठभागांना वेल्डिंग सोसणारा जस्तयुक्त रंग आधी द्यावा लागतो.

वेल्डिंगमधील खरा शत्रू उष्णता हा आहे. तापलेली जागा प्रसरण पावू पाहते. भोवतालचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, म्हणून ती जाड होते. निवताना ती आकसते आणि शेजारचा पत्रा ओढून घेते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग केल्यास सपाट दार नागमोडी होते. म्हणून दूरदूरच्या जागी टाके घालतात, एक टाका निवल्यावरच दुसरीकडे वळतात, आणि टाक्यांमधील अंतर सावकाश भरीत आणतात.

तरीही सांध्याची रेषा आकसतेच. ती पूर्ववत करण्यासाठी पत्र्याच्या मागे हातात धरण्याची लहान ऐरण लावून पुढून सपाट तोंडाच्या हातोडीने हलके, एकसारखे ठोके देतात. ठोक्यांनी धातू किंचित ताणला जातो व आकसलेली लांबी परत मिळते. गॅरेजच्या भाषेत या सर्व कामाला ‘डेंटिंग’ म्हणतात. म्हणजे दोषाचेच नाव दोष काढण्याच्या क्रियेला मिळाले आहे. मराठीत यासाठी अधिक नेमका शब्द पूर्वीपासून आहे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे लहान, समान ठोके देऊन पृष्ठभाग घट्ट व तकतकीत करतात. त्यास ते मठारणे म्हणतात. धातू वेगळा, हेतूही काहीसा वेगळा, परंतु हाताची क्रिया तीच. मोटारीच्या पत्रेकामाला मराठी परिभाषा हवी असेल, तर नवे संस्कृत शब्द घडवण्यापूर्वी तांबटांच्या व लोहारांच्या बोलीकडे वळणे अधिक फलदायी ठरेल.

८. भरण आणि पाण्याची वाट

मठारूनही राहिलेल्या सूक्ष्म उंचसखलतेसाठी भरण वापरतात. जुन्या पद्धतीत हे भरण शिसे व कथील यांच्या मिश्रणाचे असे. प्रथम पत्र्यावर कथलाचा पातळ थर चढवीत, मग मऊ झालेले मिश्रण लाकडी पात्याने पसरीत. भांड्यांना कल्हई करताना पृष्ठभाग स्वच्छ करून कथील धरवण्याचे जे तत्त्व आहे, तेच येथेही आहे. शिशाचे भरण कानसेनेच उतरवावे. ग्राइंडरने त्याची विषारी धूळ हवेत पसरते. हल्लीची रासायनिक लांबी वापरण्यास हरकत नाही, परंतु ती पातळ थरात आणि शाबूत धातूवरच द्यावी. भोकावर जाळी ठेवून तीवर लांबी थापणे ही दुरुस्ती नव्हे, केवळ झाकणे आहे. मागून ओल शिरत राहते.

शेवटचे काम दिसत नाही, पण तेच सर्वांत टिकाऊ ठरते. सांध्यांच्या कडा लवचीक लुकणाने बंद कराव्यात, पोकळ्यांत मेणयुक्त द्रव फवारावा, उंबऱ्याच्या तळाची निचऱ्याची भोके मोकळी आहेत याची खात्री करावी, आणि ज्या रबरी पट्टीतून पाणी आले ती बदलावी. पाण्याला येण्याची वाट बंद करणे आणि आलेल्याला जाण्याची वाट ठेवणे, हे दोन्ही केल्याशिवाय आधीचे सर्व श्रम काही वर्षांपुरतेच टिकतात.

९. जुने आणि नवे यांतील भेद

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उत्तम दुरुस्ती डोळ्यांना दिसू नये, अशी कारागिराची स्वाभाविक इच्छा असते. उलटपक्षी, अभ्यासकाच्या दृष्टीने जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते हे न समजणे ही हानी होय. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरीन येथील सनद या दोहोंत मेळ घालू पाहते. वास्तूंविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या आदर्शावर रचलेली ही सनद जतनाला पुनर्बांधणीपेक्षा अग्रक्रम देते, केलेल्या कामाची नोंद ठेवावी असे सांगते आणि बदललेल्या भागांवर ओळखता येईल अशी टिकाऊ खूण असावी अशी अपेक्षा करते.

ही अपेक्षा भाषा-साहित्याच्या अभ्यासकांना नवी वाटू नये. तौलनिक भाषाशास्त्रात प्रत्यक्ष न आढळलेल्या, अनुमानाने सिद्ध केलेल्या रूपापुढे तारका लावतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, जेथे पाठाविषयी निश्चिती नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली आहे. वाचनात त्या रेघेचा अडथळा होत नाही. पण ज्याला शोधावयाचे आहे त्याला संपादकाचा निर्णय कोठे घडला ते कळते. नव्या उंबऱ्याच्या आतील बाजूस, सहज न दिसणाऱ्या जागी, पोलादी ठशाने उमटवलेले वर्ष हेच कार्य करते. रंग दिल्यावर गाडी अखंड दिसते, आणि पुढच्या पिढीतील कारागीर वा अभ्यासक आत डोकावला, तर मूळ पत्रा व नवा पत्रा यांत त्याची फसगत होत नाही.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. गंजाची दुरुस्ती ही प्रथम कारणाच्या शोधाची आणि नंतर घडाईची क्रिया आहे. कारण न शोधता केलेली घडाई टिकत नाही. कापण्याची मर्यादा सडलेल्या धातूने ठरवावी, बाजारातील भागाच्या मापाने नव्हे. नवा भाग उपलब्ध पुराव्यावरून घडवावा, आणि जेथे अनुमान केले असेल तेथे तशी खूण व नोंद ठेवावी. सर्व पत्रे बदललेली पिकअप चालते, चमकते आणि विकलीही जाते. परंतु १९४७ ते १९५५ या काळातील पोलाद कसे दाबले जात होते, सांधे कसे घातले जात होते, आणि त्या गाडीने कोणत्या हवेत व कोणत्या कामात आयुष्य काढले, याविषयी ती काहीही सांगू शकत नाही. जीर्ण वस्तूत जे शाबूत आहे तेच हे सांगते. म्हणून उद्धार करावयाचा तो त्याचा.